लिफ्ट, खोकला आणि एक खुर्ची

(कोविडच्या साथीतला आमच्या सोसायटीचा ग्रुप)

सेक्रेटरी: ज्यांना दमा, सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) किंवा फुफ्फुसाचा कुठलाही आजार आहे, त्यांनी पुढची सूचना येईपर्यंत खाली फिरायला उतरू नये ही विनंती. त्यांच्याच काळजीपोटी.

ए-१०२: अगदी बरोबर. काल लिफ्टमध्ये कोणीतरी सारखं खोकत होतं.

बी-३०४: तो मीच. मास्क होता तोंडावर. माझा खोकला अकरा वर्षांचा आहे, कोविड आत्ता आला.

ए-१०२: काका, तुम्हाला उद्देशून नव्हतं हो.

बी-३०४: माहितीये गं, राग नाही. पण लिफ्टचं दार उघडलं की आतले म्हणतात, "तुम्ही जा, आम्ही मागून येतो." मग मी खोकला दाबतो. दाबलेला खोकला जास्त दमवतो. म्हणून आता जिनाच. तीन मजले, चार थांबे.

सी-२०१: मी फिजिओथेरपिस्ट म्हणून सांगते, यांना घरात बसवून ठेवू नका. दम लागतो म्हणून माणूस हालचाल कमी करतो, मांड्यांचे स्नायू झिजतात, मग तेवढ्याच कामाला आणखी दम लागतो. या साथीत श्वसन-पुनर्वसनाचे, म्हणजे अशा रुग्णांकडून व्यायाम करून घेणारे वर्ग बऱ्याच ठिकाणी बंद झाले. नळीत फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजणारी स्पायरोमेट्रीसुद्धा थांबली, तुषार उडतात म्हणून. व्यायाम गेला आणि किती घसरण झाली ते मोजणंही गेलं.

सेक्रेटरी: पण संसर्ग झाला तर? सीओपीडीवाल्यांना कोविड जड जातो, असं तुम्हीच म्हणाला होतात.

सी-२०१: म्हणाले होते, आजही म्हणते. म्हणून तर बंद लिफ्टपेक्षा मोकळं आवार बरं. गर्दी नसताना, अंतर ठेवून.

डी-४०३: उद्या टाकी धुणार आहेत का? पाणी भरून ठेवायचं का?

सेक्रेटरी: परवा. इथे नको, वेगळा मेसेज टाकतो.

बी-३०४: एक गंमत सांगू? २०२० च्या मार्चपासून एकदाही ॲडमिट व्हावं लागलं नाही. एरवी वर्षातून दोनदा ठरलेलं. सगळे मास्क लावून होते, सर्दी-पडसं घरात शिरलंच नाही.

सी-२०१: खूप देशांत हेच दिसलं काका. सीओपीडी उसळून भरती होणारे २०२० मध्ये कमी झाले.

बी-३०४: म्हणजे कागदावर मी ठणठणीत! डॉक्टरांनी फोनवर ते कॅटचे, म्हणजे सीओपीडीचा त्रास मोजायचे आठ प्रश्न विचारले. प्रत्येकाला ० ते ५, जितके जास्त तितकं वाईट. खोकला, कफ सुधारलेत. पण घराबाहेर पडायचा धीर होतो का, तिथे सरळ ५ सांगितले. ते ५ फुफ्फुसामुळे नाहीत, लिफ्टमुळे आहेत.

ए-१०२: काका, सॉरी. खरंच.

सी-४०१: आमच्या आईला आयएलडी आहे, फुफ्फुसं आतून ताठर होण्याचा आजार. दिवसातून वीस वेळा ऑक्सिमीटर लावते. आकडा एकने उतरला की रात्रभर झोप नाही.

सी-२०१: किती आकड्याला घाबरायचं ते तिच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. प्रत्येकाचं वेगळं असतं. काही सीओपीडी रुग्णांना ऑक्सिजन देताना ऑक्सिमीटरचा आकडा ८८ ते ९२ टक्केच राखतात, जास्त दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. आणि बोटं गार असतील तर यंत्र चुकीचंही दाखवतं.

सेक्रेटरी: बरं, सूचना मागे घेतो. सकाळी ६ ते ७ आवार फक्त यांच्यासाठी, बाकीच्यांनी त्या वेळेत उतरू नये. लिफ्टमध्ये एका वेळी एकच घर. काका, अजून काही?

बी-३०४: दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक खुर्ची ठेवा.

डी-४०३: आमची घडीची आहे. आत्ता आणून ठेवतो.