मदत हवी आहे: जुन्या ४०७ ला दुसरं इंजिन बसवलं, आता डिझेल लाइनचा घोळ

नमस्कार मंडळी. आमची गाडी खानापूरची, टाटा ४०७ छोटा ट्रक. जुनं इंजिन धूर ओकायला लागलं म्हणून त्याच जातीचं वापरलेलं इंजिन आणून घरच्या अंगणातच बसवलं. उतरवताना पाइपांवर खुणा करायच्या राहिल्या, ती चूक माझीच. (भाऊ म्हणत होता, फोटो काढ. ऐकलं नाही.)

टाकी फुल्ल असली की गाडी झकास चालते. अर्ध्यावर आली की दहा मिनिटांत झटके देऊन बंद. हँड प्रायमर (डिझेल हाताने ओढायचा छोटा पंप) मारून फिल्टरचा स्क्रू ढिला केला की नुसता फेस येतो, मग डिझेल. परवा जांबोटीच्या पुढे चोर्ला घाटात अशीच अडकलो, सोबतीला फक्त पाऊस.

माझा संशय असा, टाकीवरच्या सप्लाय (इंजिनकडे डिझेल नेणारी) आणि रिटर्न (उरलेलं डिझेल परत आणणारी) या नळ्यांची अदलाबदल झाली असावी. रिटर्नची नळी आत तोकडी असते, म्हणून डिझेल खाली गेलं की हवा ओढत असेल. हे बरोबर आहे काय वो?

दुसरं म्हणजे मेन पंपावरचा (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलना दाबाने डिझेल देतो तो पंप) रिटर्नचा बोल्ट. त्यात स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह असतो आणि दिसायला तो साध्या पोकळ बोल्टसारखाच. तो चुकून फिल्टरवर गेला असेल तर न फोडता ओळखायचा कसा? फुंकर मारून कळेल? तांब्याचे वॉशर सगळे नवीनच घातलेत.

नोझलची रिटर्न आणि पंपाची रिटर्न एकत्र जोडून टाकीला नेली तर चालते ना? ऊस तोडणी सुरू व्हायच्या आत गाडी तयार करायची आहे, लवकर सांगा की.