तेरा वर्षांच्या शांत मुलीला क्रूझवर न्यावं का?

कोथरूडची आई
सासऱ्यांना या दिवाळीत पंच्याहत्तर पूर्ण होतील. दीर-जाऊ, नणंद, मुलंबाळं धरून आम्ही अकरा जण. वाढदिवस जहाजावर करायचा असं सगळ्यांच्या मनात आहे. मुंबईहून निघायचं, गोवा आणि लक्षद्वीप करून परत. आगाऊ रक्कम पुढच्या रविवारपर्यंत भरायची आहे.

माझा जीव अडकलाय तो लेकीत. आठवीत आहे. माझ्याशी घरात भरपूर बोलते, चारचौघांत मिटून जाते. मागच्या महिन्यात एका लग्नात जेवणं झाल्यावर दिसेना म्हणून शोधायला गेले, तर कार्यालयाच्या मागच्या जिन्यात बसून हातावरच्या मेंदीची नक्षी वहीत उतरवत होती. चेहरा इतका निवांत होता की मी हाक न मारता परत आले. जहाजावर असा एखादा जिना मिळेल का, एवढंच मला कळायला हवंय. चुलत भावंडं गुणी आहेत, पण गलका फार करतात. तिला विचारलं तर म्हणते, "तुम्ही ठरवाल ते." हे 'हो' आहे की 'नाही', ते मलाही उमगत नाही.

धनकवडी
नेऊ नका ताई. अनुभवावरून सांगतो.

दोन वर्षांपूर्वी सिंगापूरहून निघणाऱ्या एका जहाजावर गेलो होतो, कंपनीचं नाव घेत नाही. मुलगा तेव्हा तेरा पूर्ण. पैसे वाचवायला चौघांत मिळून आतली, बिनखिडकीची खोली घेतली. त्याला छतातून खाली येणारा वरचा बर्थ आला. दिवसभर पोहण्याच्या तलावाशी मोठ्याने गाणी, स्पर्धा, माइकवरून आरडाओरडा. मुलांच्या क्लबात पाठवलं तर तेरा ते सतरा सगळी एकाच खोलीत. सतरा वर्षांच्या दांडग्या पोरांत हा काय बोलणार? वीस मिनिटांत परत आला आणि उरलेला वेळ त्या बर्थवर पडदा ओढून पडून राहिला. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "बाबा, इथून बाहेर कुठून जायचं?" भर समुद्रात कुठून जाणार? हॉटेलात असतो तर रिक्षा करून त्याला कुठेतरी शांत ठिकाणी नेला असता. जहाजावरून उतरता येत नाही, हाच खरा मुद्दा आहे.

औंध
धनकवडीचे काका, तुमच्या मुलाला त्रास झाला हे वाचून वाईट वाटलं. पण त्रास खोलीचा आणि क्लबाचा वाटतो, जहाजाचा नाही. क्लबांचे वयोगट सगळीकडे सारखे नसतात. एमएससी या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर बारा ते चौदा आणि पंधरा ते सतरा असे वेगळे गट आहेत. डिस्नेच्या जहाजांवर अकरा ते चौदा आणि चौदा ते सतरा. बुकिंगआधी हे विचारायलाच हवं. आणि क्लबात जायलाच हवं असं कोण म्हणतं?

माझा मुलगाही अबोल. आम्ही मुंबईहूनच गेलो होतो, कॉर्डेलिया कंपनीच्या 'एम्प्रेस' या जहाजावर. जहाज १९९० पासून सेवेत आहे, म्हणजे त्याच्यापेक्षा किती तरी मोठं, याचंच त्याला अप्रूप. निघताना सगळे वर नाच बघायला गेले आणि हा खालच्या उघड्या डेकवर कठड्याशी. त्याने मला बाही ओढून दाखवलं: जहाजाच्या अंगाला दोराची शिडी लटकलेली, खाली एक छोटी बोट आमच्या वेगाने धावतेय, आणि एक माणूस शिडीवरून उतरून अचूक त्या बोटीत पाय टाकतोय. बंदरातून जहाज बाहेर काढून देणारा पायलट तो. हजारभर प्रवाशांतल्या किती जणांनी बघितला असेल? पुढे अंधार पडल्यावर खांदेरीच्या दीपस्तंभाची उघडझाप मोजत बसला. एरवी आम्ही त्याला एकट्याला लक्ष्मी रोडवरही सोडत नाही. जहाजावर दारं, मजले, जेवणाची जागा सगळं ठरलेलं, त्यामुळे तो दिवसभर एकटा हिंडला. शांत मुलाला इतकी मोकळीक दुसरीकडे कुठे मिळते ते सांगा.

वारजे
मला हा प्रश्नच पटत नाही. आजोबांची पंच्याहत्तरी पुन्हा येणार आहे का? तीन-चार रात्रींचा तर मामला. आमच्या घरी दोन खोल्यांत नऊ माणसं होती, त्यातही अबोल होतेच. माणसांत राहायची सवय माणसांत राहूनच लागते. प्रत्येक वेळी मागचा जिना शोधून दिला तर ती पुढच्या दारी कधी येणार? मी हे कठोरपणाने लिहीत नाही. माझा धाकटा भाऊ असाच होता. आम्ही त्याला "नको असेल तर नको" म्हणत गेलो आणि पुढे तो घरच्या कार्यालाही येईनासा झाला. ती खंत मला अजून आहे.

फर्ग्युसन, दुसरं वर्ष
वारज्याचे काका, तुमच्या भावाबद्दल वाचून गलबललं. तरीही दुसरी बाजू सांगते, कारण सात वर्षांपूर्वी मी हीच मुलगी होते.

आम्ही सगळे नातेवाईक बस करून राजस्थानला गेलो होतो. गर्दीचा मला काही त्रास नव्हता. त्रास होता तो दर तासाला येणाऱ्या एकाच वाक्याचा: "काय गं, बोलत का नाहीस?" मग अंताक्षरीत माझ्यावर 'म' आला की सगळी बस गप्प होऊन माझ्याकडे बघायची. उदयपूरच्या तलावातलं पाणी, चितोडचा कीर्तिस्तंभ मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. मला सहल आवडली होती! कुणी तसं विचारलंच नाही, "बोअर होतंय का" एवढंच विचारलं.

ताई, "तुम्ही ठरवाल ते" याचा माझ्या बाबतीत अर्थ असायचा, 'नक्की काय काय होणार आहे ते मला माहीत नाही.' तिला फोटोतलं हसरं जहाज दाखवू नका, मजल्यांचा नकाशा दाखवा. कुठे झोपायचं, किती वाजता जेवायचं, नको असेल तेव्हा कुठे जायचं, ते दाखवा. आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा की स्टेजवर ढकलायचं नाही.

धनकवडी
सांगून ठेवाल हो. पुण्यात सगळे मान डोलावतील आणि पहिल्याच रात्री आत्या तिचा हात धरून नाचायला ओढेल. आम्हीही सांगितलं होतं.

आम्ही नंतर काय केलं ते सांगतो. मार्चमध्ये मंडणगड तालुक्यातल्या वेळासला गेलो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ पासून तिथे कासवांच्या घरट्यांचं रक्षण सुरू केलं, आता गावच ते काम सांभाळतं. गावातल्याच एका घरी उतरलो, जमिनीवर पंगत. जो मुलगा जहाजावर पडदा ओढून पडला होता तो पहाटे स्वतःहून उठला. घरट्यावर झाकलेली टोपली उचलल्यावर तळहाताएवढीही नसलेली पिल्लं वाळूवरून पाण्याकडे निघाली, तेव्हा शेजारच्या अनोळखी मुलीला "ते बघ, ते उलटं झालं" असं म्हणाला. समुद्रच हवा असेल तर कोकण काय वाईट आहे?

औंध
वेळास सुंदरच आहे, पण दिवाळीत पिल्लं बाहेर पडत नाहीत. आणि पंच्याहत्तरीच्या आजोबांना पहाटे वाळूतून चालवायचं का? जहाजावर लिफ्ट आहे. अकरा जणांत आजोबाही आहेत.

सदाशिव पेठेतली आजी, माहेर मालवण
तुम्ही सगळे स्वभावाचं बोलताय. पोरीला बोट लागते का, हे कुणी विचारलं? बोट लागली की बोलक्यांची पण बोलती बंद होते. आम्ही लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मालवणला जायचो. मोठी बोट लांब उभी राहायची आणि पडावात उतरवून किनाऱ्याला न्यायचे. माझी आई डोक्यावर पदर घेऊन डोळे मिटून बसायची, आणि वडील म्हणायचे, "डोळे मिटू नकोस, लांब बघ, पाणी आणि आभाळ मिळतं तिथे बघ." त्याने खरंच बरं वाटायचं.

लक्षद्वीपलाही मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, लहान बोटीने नेतात, तेव्हा हे बघून घ्या. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळतो, दिवाळीला तसा बराच शांत असतो. खोली जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची मागा, तिथे हलणं कमी. आणि पैसे भरायच्या आधी पोरीला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला नेऊन आणा. २०२० पासून गाड्याही चढतात अशी मोठी रो-रो बोट जाते, तासाभराचा प्रवास. एका दिवसात कळेल.

कोथरूडची आई
आजी, तुमचं ऐकलं. शनिवारी पहाटे निघून आम्ही दोघीच मांडव्याला जाऊन आलो. बोट लागली नाही. ती वरच्या डेकवर उभी राहून गाडीतले कुरकुरे मागे येणाऱ्या पक्ष्यांना टाकणाऱ्या लोकांकडे रागाने बघत होती. मग त्यातल्या एका काकांना जाऊन हळूच म्हणाली, "ते त्यांच्यासाठी चांगलं नसतं." मी पाच पावलांवर होते, मध्ये पडले नाही. काकांनी पिशवी खिशात ठेवली.

परतताना जहाजाचा नकाशा तिच्या हातात दिला. पेन्सिलीने तिने तीन ठिकाणी फुल्या मारल्या: वाचनाची खोली, मागचा डेक, आणि ज्या जिन्याने फारसं कुणी जाणार नाही असा एक जिना. मग विचारलं, "जेवायला रोज सगळ्यांबरोबर बसायचं का?" मी म्हटलं, रात्रीचं जेवण आजोबांबरोबर, बाकी तू ठरव. जाऊबाईंना हे पटलेलं नाही. "एवढं काय लाडवायचं," म्हणाल्या. सासरे मात्र गप्प बसून ऐकत होते, मग म्हणाले की पाच वाजता मीही उठतो, डेकवर मला सोबत लागेल.

धनकवडीचे दादा, तुमचं म्हणणं मी सोडलेलं नाही. बिनखिडकीची खोली घेत नाही, आणि तिचा बर्थ खालचा. पैसे उद्या भरतेय.

तिचा एक प्रश्न उरलाय, त्याचं उत्तर मला देता आलं नाही. रात्री डेकवर दिवे किती असतात? तिला तारे बघायचेत.

औंध
बहुतेक डेकवर दिवे भरपूर असतात, तारे फिके दिसतात. पण जहाजाच्या पुढच्या टोकाला, ब्रिजच्या म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीच्या समोर, अंधार ठेवतात, कारण तिथून समुद्र नीट दिसायला हवा. तो भाग प्रवाशांना खुला असतो का, ते चढल्या चढल्या विचारून घ्या. लक्ष्मीपूजनाची अमावस्या धरून तारखा मिळत असतील तर त्याच घ्या, चंद्र आडवा येणार नाही.