अंगावर पाजल्याने हाडं खरंच झिजतात का? मदत हवी आहे

सायली_प: नमस्कार. वय ३३, दुसरं बाळंतपण. लेक सात महिन्यांची आहे, वरचं नुकतंच सुरू केलंय, पण मुख्य भिस्त अजून अंगावरच्या दुधावर. हल्ली कंबर फार धरते. सासूबाईंचं म्हणणं, "दूध तोड आता, पोर हाडातलं सगळं ओढून घेतंय." बोलतात त्या काळजीनेच. पण माझ्या आईचा गेल्या वर्षी खुबा मोडला आणि ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) निघाला, त्यामुळे मीही धास्तावले आहे. दूध तोडावं का? डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करून घेऊ का? कॅल्शियमची आणि लोहाची गोळी नाश्त्यानंतर एकत्रच घेते, शिवाय डिंकाचे लाडू. एवढ्याने भागेल?

कोयनाकाठ: मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत. पोटातल्या बाळाच्या हाडांत साधारण ३० ग्रॅम कॅल्शियम जातं, बरंचसं शेवटच्या तिमाहीत. तेव्हा आईचं आतडं जवळजवळ दुप्पट कॅल्शियम शोषतं, म्हणून बरंच भागतं. पाजताना ही सवलत नसते. दुधातून रोज २०० ते ३०० मिलिग्रॅम बाहेर जातं, इस्ट्रोजेन (पाळीशी निगडित संप्रेरक) उतरलेलं असतं आणि स्तनांतून पीटीएचआरपी नावाचं संप्रेरक रक्तात येतं. दोन्ही मिळून हाडातून कॅल्शियम काढायला लावतात. सहा महिने पाजल्यावर मणक्याची घनता ३ ते ८ टक्क्यांनी कमी झालेली दिसते.

पण दूध तुटलं, पाळी सुरळीत झाली की बहुतेकींची घनता ६ ते १२ महिन्यांत परत येते. पाजलेल्या बायकांची हाडं म्हातारपणी जास्त मोडतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तेव्हा केवळ या भीतीने दूध तोडू नका.

डेक्सा आत्ता केली तर आकडा कमीच येणार आणि उगाच घाबराल. आईचा इतिहास आहे, तर दूध तुटल्यावर सहा महिने ते वर्ष जाऊ द्या, मग डॉक्टरांशी बोला.

सायली_प: खूप हायसं वाटलं. मग गोळी जास्त घेतली तर ही झीज थांबेल का?

कोयनाकाठ: फारशी नाही. ही झीज संप्रेरकांमुळे होते, त्यामुळे जादा गोळ्यांनी ती अडत नाही. गोळी असते ती आहारातली तूट भरायला. सरकारी कार्यक्रमात ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा देतात, गरोदरपणाच्या १४ व्या आठवड्यापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत. तुमचे सात झाले, म्हणजे पुढे चालू ठेवायची का ते आहार पाहून तुमच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. आणि लोहाची गोळी वेगळी घ्या, किमान दोन तासांच्या अंतराने. कॅल्शियम जेवणासोबत.

नलूताई: डिंकाच्या लाडवावर विसंबू नकोस गं. त्यात कॅल्शियम येतं ते खसखशीतून, आणि ती आपण घालतो चिमूटभर! नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. रोज दोन भाकऱ्या, वाटीभर दही, जेवणात तिळाची चटणी, असं जमव. पाजणारीला दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं, असं आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) तक्ता सांगतो. आणि सव्वा महिना कोंडलेल्या खोलीतून आता बाहेर ये बाई, ऊन लागू दे अंगाला. ड जीवनसत्त्व तपासून घे.

मृण्मयी_के: एक भर घालते. माझ्या जावेला पहिल्या बाळंतपणानंतर अशीच पाठ दुखायची, सगळे म्हणाले बाळ उचलून होतंय. एक्स-रेमध्ये मणके दबलेले निघाले. हा प्रकार फार दुर्मिळ आहे आणि शेवटच्या तिमाहीत किंवा बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत दिसतो. तिला दूधही तोडावं लागलं.

कोयनाकाठ: बरं झालं सांगितलंत. सायली, दुखणं अचानक, तीव्र सुरू झालं का? मणक्याच्या मधोमध ठोकल्यावर दुखतं का? कूस बदलताना जीव जातो का? उंची कमी वाटते का? यातलं काहीही असेल तर थांबू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. स्टेरॉइड किंवा हेपरिन (रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन) चाललं असेल तर तेही सांगा.

सायली_प: दुखतं ते बाजूला, वाकताना, झोपल्यावर थांबतं. बाकीचं काही नाही. तरी सोमवारी दाखवून येते. गोळ्यांची वेळ आजपासून बदलली.