ग्लॉकसला मूर्ख ठरवणं मला मान्य नाही

होमरच्या इलियड या ट्रॉयच्या युद्धावरच्या ग्रीक महाकाव्याच्या सहाव्या सर्गात लिशियाचा राजपुत्र ग्लॉकस ट्रॉयच्या बाजूने लढताना ग्रीक योद्धा डायोमिडीससमोर उभा ठाकतो. कुळाची विचारपूस होते. कळतं, की डायोमिडीसच्या आजोबांनी, ईनियसने, ग्लॉकसच्या आजोबांना, बेलेरोफॉनला, 20 दिवस घरी ठेवून घेतलं होतं. दोघे रथांतून उतरतात, हात मिळवतात, चिलखतं बदलतात. ग्लॉकसचं सोन्याचं, 100 बैलांच्या मोलाचं. डायोमिडीसचं काशाचं, 9 बैलांचं. होमर म्हणतो, देवांचा राजा झ्यूसने ग्लॉकसची बुद्धीच हिरावून घेतली.

मला हे पटत नाही. तेव्हाही बेलेरोफॉनने सोन्याचा प्याला दिला होता आणि ईनियसने लाल पट्टा. नातवाने घराण्याची रीत पाळली. ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस ग्रीक राजा मेनेलाउसचं मीठ खाऊन त्याचीच बायको घेऊन गेला, त्यातून हे युद्ध पेटलं. अशा रणात पाहुणचाराचं नातं जपणारा माणूस मूर्ख कसा?

प्रतिसाद १
साफ असहमत. अदलाबदलीचा प्रस्ताव कोणाचा? डायोमिडीसचा. आधी गोड बोलून भाला जमिनीत रोवला, मग सोनं घेऊन गेला. ग्लॉकस लिशियन फौजेचा नायक होता. बाराव्या सर्गात लिशियनांचा दुसरा नायक सार्पेडॉन त्यालाच सांगतो, की आपल्याला मानाचं आसन, उत्तम मांस आणि क्सँथस नदीकाठची जमीन मिळते, म्हणून आपण आघाडीला उभं राहायचं. प्रजेच्या जिवावर मिळालेलं सोनं शत्रूला देऊन टाकायचा हक्क त्याला कोणी दिला?

प्रतिसाद २
मला तर तो व्यवहारही फायद्याचा वाटतो. पाचव्या सर्गात याच डायोमिडीसने प्रेमदेवता ॲफ्रोडाइटी आणि युद्धदेव एरिस दोघांना जखमी केलंय! त्याच्यासमोरून माणूस जिवंत परतला. 91 बैलांत जीव वाचला.

धागाकर्ता
जिवाच्या भीतीने दिलं असतं तर त्यात मोठेपणा कसला? पानांसारख्या माणसांच्या पिढ्या येतात आणि जातात, हे तो डायोमिडीसच्या तोंडावर शांतपणे सांगतो. घाबरलेला माणूस असं बोलत नाही. आणि सतराव्या सर्गातला ग्लॉकस बघा. सार्पेडॉनचा मृतदेह ट्रॉयच्या सेनापती हेक्टरने शत्रूच्या हाती जाऊ दिला, तेव्हा हाच त्याला भर रणात सुनावतो: जो तुझा पाहुणा आणि सोबती, त्यालाच तू सोडलंस, मग इतरांना काय वाचवणार? वर लिशियन फौज घरी न्यायची धमकी देतो. सोनं देणारा आणि हेक्टरला खडसावणारा माणूस एकच आहे.

प्रतिसाद १
हेक्टरला खडसावलं ते योग्यच, तिथे मी तुमच्या बाजूने आहे. पण सार्पेडॉन त्याचा स्वतःचा सोबती होता. डायोमिडीस तर पुढेही ट्रॉयची माणसं मारतच राहिला.