एकाच 12 मिमी कूपनवर किती दिवस काढायचे?

शॉप सुपरवायझर, भोसरी
आमच्याकडे कार्बन स्टीलचा एकच पीक्यूआर आहे, म्हणजे वेल्डिंगची पद्धत चाचणीत पास झाल्याची नोंद. कूपन, म्हणजे चाचणीचा तुकडा, 12 मिमी प्लेटचं: टिगने (टंगस्टन-गॅस वेल्डिंगने) 3 मिमी रूट, म्हणजे तळाचा पहिला थर, वर आर्कने (काडीने) 9 मिमी. एएसएमई सेक्शन 9 (अमेरिकन वेल्डिंग कोड) प्रमाणे तो 5 ते 24 मिमी जाडीला चालतो, व्यासाची तर अटच नाही. म्हणजे एकाच कागदावर 22 मिमीचं शेलही (भांड्याचं गोल अंग) मारायचं आणि भिंत 5 मिमीच्या वर असेल तर एक इंची पाइपही. मला हे पटत नाही. जाड प्लेट उष्णता ओढून घेते, सांधा झपाट्याने थंड होतो. बारीक पाइप दोन रन (थर) मारले की तापून लाल. आयएसओ 15614-1 या आंतरराष्ट्रीय मानकात लेव्हल 2 ला (कडक पातळीला) प्रोसिजरसाठीसुद्धा व्यास बघतात, कूपनच्या व्यासाच्या निम्म्यापासून पुढे. मग आपणच तो का सोडायचा? जॉबच्या जाडीचंच कूपन करा आणि दोन इंचाखाली पाइपवरच टेस्ट घ्या, असं माझं ठाम मत आहे.

क्यूसी, चाकण
सर, मी असहमत. पीक्यूआर धातूची परीक्षा घेतो, हाताची नाही. टेन्साइल (ताणण्याच्या) आणि बेंड (वाकवण्याच्या) चाचणीच्या पट्टीला ती प्लेटमधून कापली की पाइपमधून, याने फरक पडत नाही. व्यास बघतात वेल्डरच्या टेस्टमध्ये. सहा इंची पाइपवर पास झालेला 73 मिमी ओडीच्या (बाहेरच्या व्यासाच्या) खाली चालत नाही. दोन इंचीवर पास झालेला 25 मिमीपर्यंत चालतो, पण अर्धा इंची पाइपचा ओडी 21.3, तिथे तोही नाही. जाड प्लेट लवकर थंड होते म्हणता, तर डब्ल्यूपीएसमध्ये (वेल्डरसाठीच्या लेखी सूचनांत) जाडीनुसार प्रीहीट (आधीचं तापवणं) वाढवून लिहा, त्याला कोणी अडवलंय? दर जॉबला नवं कूपन छोट्या शॉपला झेपत नाही.

पण तुमच्या हिशोबात एक मोठी चूक दिसते. 24 मिमी ही प्लेटची जाडी. भरलेल्या धातूची मर्यादा प्रत्येक प्रोसेसला वेगळी: टिग 6, आर्क 18. शेल दोन्ही बाजूंनी मारताय ना? रूट मागून गाउज केलं (खोदून काढलं) की टिग निघून गेलं आणि अख्खे 22 मिमी आर्कचे झाले, म्हणजे 18 च्या बाहेर.

शॉप सुपरवायझर, भोसरी
आत्ता ड्रॉइंग काढून बघितलं. बॅक गाउज आहे. चार सीम (जोड) झालेत, पाचव्याचं फिटअप (जुळवणी) चालू होतं. थांबवलं. क्लायंटला आणि थर्ड पार्टी इन्स्पेक्टरला आजच कळवतो. मॅडम, मनापासून आभार. पण 22 मिमीचं कूपन आधीच केलं असतं तर ही वेळ आली नसती, हे तरी मान्य करा.

वेल्डर, 19 वर्षं, उरण
जाडीबद्दल मी मॅडमच्या बाजूने. 22 मिमीत हात बसायला जागा असते. पण बारीक पाइपबद्दल साहेबांचं खरं आहे. एक इंचीवर रूट मारून लगेच दुसरा रन घेतला की वितळलेला धातू सांभाळता येत नाही. मी टेम्प स्टिक (तापमान दाखवणारा खडू) लावून बघतो आणि थांबतो. डब्ल्यूपीएसमध्ये इंटरपास (दोन रनमधलं कमाल तापमान) लिहिलेला असतो, पण ताशी जॉइंट मोजणारे थांबू देत नाहीत.

इन्स्पेक्शन इंजिनिअर, नाशिक
कोड सगळीकडे एवढा सैल नाही. इम्पॅक्ट टेस्ट (आघात चाचणी) लागणारं काम असेल तर हेच 12 मिमी कूपन खाली 5 पर्यंत जात नाही, 12 वरच थांबतं. जिथे धातूच्या चिवटपणाला धोका आहे, तिथे कोडने स्वतःच दोर आवळलाय. साध्या कामात 2टी (कूपनच्या जाडीच्या दुप्पट) पुरेसं आहे. सुपरवायझर साहेब, नवं कूपन 20 मिमीचं घ्या, अख्खं आर्कने. 40 पर्यंत रेंज मिळेल.

शॉप सुपरवायझर, भोसरी
रेंजसाठी नाही करत, साहेब. त्याच शेलच्या प्लेटचा 22 मिमीचा तुकडा पडलाय, तोच घेतो. बेंडचे निकाल आल्याशिवाय पाचवा सीम नाही.