प्राचार्यपदासाठी अर्ज करताना महिला प्राध्यापकांना नेमकी कोणती मदत उपयोगी पडते?

प्रश्न

मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. सेवेला बावीस वर्षे झाली असून सध्या सहयोगी प्राध्यापक पदावर आहे. आमच्या प्राचार्यांचा कार्यकाळ लवकरच संपत आहे आणि काही सहकारी मला अर्ज करण्याचा आग्रह करत आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतील पीएचडी, १५ वर्षांचा अनुभव, १० शोधनिबंध आणि ११० संशोधन गुण या अटी मी पूर्ण करते. त्यामुळे कागदावर अडचण कोणतीच नाही.

अडचण दुसरीकडे आहे. या बावीस वर्षांत माझ्याकडे सांस्कृतिक विभाग, मुलींचे वसतिगृह, अंतर्गत तक्रार समिती आणि गेली सहा वर्षे आयक्यूएसीचे (महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचे) समन्वयकपद एवढी कामे आली. खरेदी समिती, बांधकाम, लेखापरीक्षण, पदभरती यांपैकी एकाही कामाला माझा हात लागलेला नाही आणि उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाची पायरी मी कधी चढलेले नाही. विज्ञान शाखेतील निम्म्या प्राध्यापक महिला असूनही आमच्याकडे आजवर एकही महिला प्राचार्य झालेली नाही. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी तर आपुलकीच्या सुरातच विचारले, "मॅडम, रात्री-अपरात्री धावपळ करावी लागते, तुम्हाला झेपेल का?" मला जाणवणारी ही उणीव खरी आहे की नुसती भीती, हे मला कळत नाही. ज्या या पदापर्यंत पोहोचल्या, त्यांना कोणाची आणि कोणत्या स्वरूपाची मदत झाली, हे जाणून घ्यायचे आहे.

उत्तर १ : निवृत्त प्राचार्या, कोकण

तुम्ही सांगितलेली उणीव खरी आहे. मात्र ती तुमच्यातली नाही, तुम्हाला दिल्या गेलेल्या कामांतली आहे. महाविद्यालयात प्राचार्य घडतो तो निवड समितीसमोर बसण्याच्या आठ-दहा वर्षे आधी, कोणाच्या टेबलावर कोणती फाइल जाते त्यावरून. स्नेहसंमेलन, रांगोळी, पाहुण्यांचे स्वागत हे सगळे कष्टाचे असते, परंतु निवड समितीत त्याचे वजन पडत नाही. जिथे पैसा आणि सही असते, तिथला अनुभवच विचारला जातो.

मी स्वतः भाग्यवान ठरले. माझ्या आधीच्या प्राचार्यांनी निवृत्तीपूर्वी तीन वर्षे मला उपप्राचार्यपद दिले आणि ते नावापुरते ठेवले नाही. प्रयोगशाळेच्या खरेदीची जबाबदारी त्यांनी संपूर्णपणे माझ्यावर टाकली. दरपत्रके मागवणे, तुलनात्मक तक्ता तयार करणे, आलेल्या वस्तूंची डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद करून घेणे, शेवटी निधी ठरल्या कामी खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र पाठवणे, हे सारे मी चुका करत शिकले. एका खरेदीत माझ्याकडून मोठी चूक झाली तेव्हा लेखापरीक्षकांसमोर ते माझ्या शेजारी बसले, परंतु उत्तर मलाच द्यायला लावले. त्या एका दिवसाने मला जेवढे शिकवले तेवढे कोणत्याही नेतृत्व-विकास कार्यशाळेने शिकवले नाही, असे मी अनुभवाने म्हणते.

तुमच्या हातात अजून काही महिने आहेत. कार्यालयीन अधीक्षकांकडून बिंदुनामावलीची (आरक्षणानुसार पदांच्या क्रमवार नोंदीची) फाइल समजावून घ्या. पदभरतीचे ना हरकत प्रमाणपत्र कुठे अडते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. सहसंचालक कार्यालयात एखाद्या कामासाठी स्वतः जाऊन या. शेजारच्या तालुक्यातील एखाद्या प्राचार्यांना मोकळेपणाने प्रश्न विचारत राहा. असा एक माणूस मला मिळाला होता आणि पदभार घेतल्यानंतरच्या पहिल्या चार महिन्यांत आठवड्यातून दोनदा तरी मी त्यांना फोन करत असे.

आयक्यूएसीच्या कामाला तुम्ही यादीत ज्या सुराने बसवले आहे, तो मला पटलेला नाही. नॅक या महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेला द्यायच्या स्वयंमूल्यमापन अहवालासाठी ग्रंथालयापासून जमाखर्चापर्यंत प्रत्येक विभागाची माहिती तुमच्या हाताखालून गेली आहे. एवढे महाविद्यालय तुमच्या प्राचार्यांनीही कदाचित पाहिले नसेल. अर्जात हे ठळकपणे लिहा आणि मुलाखतीत संकोच न करता सांगा. 'झेपेल का' या प्रश्नाला घरची व्यवस्था सांगत बसू नका. सहा वर्षांत कोणती कामे कोणत्या मुदतीत पूर्ण केली, एवढेच उत्तर द्या.

उत्तर २ : संशोधक, पुणे

राष्ट्रीय प्रयोगशाळांमध्येही चित्र फारसे वेगळे नाही. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेला डॉ. एन. कलैसेल्वी यांच्या रूपाने पहिल्या महिला महासंचालक मिळाल्या त्या २०२२ मध्ये. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे अध्यक्षपद २०२० मध्ये प्रथमच एका महिलेकडे, डॉ. चंद्रिमा शहा यांच्याकडे आले. देशाच्या संशोधन-विकास कार्यात थेट गुंतलेल्यांमध्ये स्त्रियांचा वाटा २०१८ मध्ये १६.६ टक्के होता. पायथ्याशीच संख्या एवढी कमी असेल तर शिखरावर ती आणखी विरळ होणारच.

यावर 'स्त्रिया संसारामुळे मागे पडतात' हे उत्तर फार सहज दिले जाते. पुण्यात वाढलेल्या भौतिकशास्त्रज्ञ डॉ. रोहिणी गोडबोले यांनी सहकाऱ्यांसह २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात विज्ञानात पीएचडी केलेल्या पाचशेहून अधिक स्त्रियांची पाहणी होती. संशोधनाबाहेर राहिलेल्या अनेकींनी सांगितलेले कारण मूल किंवा घर नव्हते. अर्ज करूनही योग्य नोकरी न मिळणे हे होते. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांना १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मिळाला तोही सर सी. व्ही. रामन यांच्या नकारानंतर आग्रह धरून, आणि पहिले वर्षभर नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता मिळणार नाही या अटीवर. पुढे त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. 'आधी सिद्ध करून दाखवा' ही अट पुरुष उमेदवाराला इतक्या उघडपणे क्वचितच घातली जाते.

आता उपयोगाच्या दोन गोष्टी सांगते. प्रसूती रजा किंवा बालसंगोपन रजेचा काळ कॅसच्या (प्राध्यापकांच्या पदोन्नती योजनेच्या) मूल्यमापनातून वगळावा आणि त्यामुळे पदोन्नतीत नुकसान होऊ नये, अशी तरतूद २०१८ च्या त्याच नियमावलीत आहे. कनिष्ठ सहकाऱ्यांना ती आवर्जून दाखवा, कारण अनेकींना ती माहीत नसते. तसेच महिला उमेदवार असेल आणि निवड समितीत एकही महिला नसेल, तर कुलगुरूंनी एका महिला शिक्षणतज्ज्ञाची नेमणूक करावी, असेही त्यात म्हटले आहे. हे आधीच विचारून घेणे म्हणजे सवलत मागणे नव्हे.

केंद्रीय विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये 'गती' हा विज्ञान संस्थांतील स्त्री-पुरुष समानतेसाठीचा उपक्रम ३० संस्थांमध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू केला. त्यातील मला पटलेली बाब अशी की, तो बाईला सुधारायला न निघता संस्थेला स्वतःचे आकडे तपासायला लावतो.

कार्यशाळांबाबत मात्र मी कोकणातील मॅडमच्या मताशी सहमत नाही. अशाच एका कार्यशाळेत भेटलेल्या सहा जणी आजही एकमेकींचे संशोधन प्रस्ताव वाचतो आणि पदाची जाहिरात आली की ती एकमेकींना पाठवतो. माझा शेवटचा अर्ज त्यांच्यापैकी एकीने हट्टाने भरायला लावला म्हणून गेला.

उत्तर ३ : विभागप्रमुख, पश्चिम महाराष्ट्र

मी पुरुष आहे आणि या प्रश्नात माझाही वाटा आहे, म्हणून लिहितो. अनेक वर्षे मी महिला सहकाऱ्यांना खरेदी आणि परीक्षा केंद्राच्या कामांतून वगळत आलो, कारण त्यांना उशिरापर्यंत थांबावे लागू नये असे मला मनापासून वाटत होते. एका सहकारी मॅडमनी विचारले की, "हे तुम्ही मला विचारून ठरवले होते का?" माझ्याकडे उत्तर नव्हते. आता विभागातील समित्या दर दोन वर्षांनी आळीपाळीने बदलतात आणि संध्याकाळी पाचच्या बैठका आम्ही साडेअकराला आणल्या आहेत. यासाठी कोणाच्याही मंजुरीची गरज पडली नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. काल प्राचार्यांना भेटून उरलेल्या कार्यकाळात खरेदी समितीवर काम देण्याची विनंती केली. ते क्षणभर थांबले आणि "आधी कधी बोलला नाहीत," एवढेच म्हणून त्यांनी होकार दिला. बिंदुनामावलीची फाइल सोमवारी अधीक्षकांसोबत पाहणार आहे आणि अर्ज भरायला घेतला आहे. कोकणातील मॅडमना एक विनंती : तुलनात्मक तक्त्यात सर्वांत कमी दर नाकारायचा असेल तर कारण कोणत्या शब्दांत नोंदवावे, हे कृपया सविस्तर सांगाल का? पहिल्याच बैठकीत सूक्ष्मदर्शकांची खरेदी आहे आणि सर्वांत कमी दराच्या यंत्रांचा आमचा अनुभव चांगला नाही.