मदत हवी आहे: परिसंस्थेची कल्पना तंत्रज्ञानात कशी शिरली?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात मला बोलायचंय: निसर्गाबद्दलच्या कल्पना यंत्रांच्या आणि समाजाच्या विचारात कशा आल्या. अर्धं जमलंय, पुढे गाडी अडलीये.

१९३५ मध्ये आर्थर टान्सली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने परिसंस्थेची (इकोसिस्टिम, म्हणजे एका जागेतले सजीव आणि त्यांचा परिसर मिळून होणारी एक व्यवस्था) कल्पना मांडली, इथपर्यंत ठीक. पुढे अमेरिकेत पर्यावरणशास्त्रज्ञ हॉवर्ड ओडम यांनी फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज झऱ्यातल्या ऊर्जेचा जमाखर्च मांडला: ऊन किती आलं, पाणवनस्पतींनी किती धरलं, माशांपर्यंत किती पोचलं. नंतर तर त्यांनी परिसंस्था थेट विजेच्या सर्किटसारखी काढली. म्हणजे यंत्राने निसर्गाकडून घेतलं की उलटं, हाच मला खरा घोळ वाटतो!

आता अडचण. १९७२ मध्ये शास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांनी गणिताने दाखवलं की परिसंस्थेतली गुंतागुंत वाढली म्हणजे स्थैर्य वाढतंच असं नाही. तरी १९९३ मध्ये व्यवसायनीतीचे अभ्यासक जेम्स मूर यांनी उद्योगांना परिसंस्थेची उपमा दिली आणि आज प्रत्येक ॲपवाला तेच म्हणतो. (त्यात शिकार कोण, ते मात्र सांगत नाही.) पर्यावरणशास्त्रातली ही टीका तंत्रज्ञानवाल्यांपर्यंत पोचलीच नाही, की पोचूनही कानाआड झाली? यावर कोणी काही वाचलंय का? मराठीत असेल तर उत्तमच, जुन्या दिवाळी अंकातला लेखही चालेल.

आणि ओडमच्या आकृत्या कोणाला वाचता येतात का? बंदुकीच्या गोळीसारखी खूण म्हणजे वनस्पती, षटकोन म्हणजे प्राणी, एवढं कळलं. पुढे मी हात टेकलेत.